सदाफुली, हळद आणि कानाखालची गाठ

३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणादिवशी, धर्मगुरू दोन मेणबत्त्या आपल्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. लगेच दुसऱ्या दिवशी, ४ फेब्रुवारीस, जागतिक कर्करोग दिन येतो. त्या निमित्ताने एका अल्पपरिचित रोगाविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत: कानापुढे, जबड्याखाली व जिभेखाली. कानापुढील ग्रंथीत उठणारी गाठ बहुधा साधी असते. क्वचित मात्र ती कर्करोगाची निघते. आणि आरंभी दुखत नाही, म्हणूनच फसवते. या रोगाचा एक प्रकार मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश सरकतो व कित्येकदा वर्षांनंतर फुप्फुसांत प्रकट होतो.

हा प्रसार मंदावण्यासाठी शास्त्रज्ञ वनस्पतींकडेही वळले आहेत. आपल्या अंगणातली सदाफुलीच पाहा. १९५२ साली जमैकातून तिची पाने मधुमेहावरील उपाय म्हणून कॅनडात पोहोचली. रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांना तिच्या अर्काने साखर उतरलेली दिसली नाही. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध पुढे आले. त्याच कुळातील व्हिनोरेलबिन आज लाळग्रंथींच्या पसरलेल्या कर्करोगात काही रुग्णांना देतात. काहींची गाठ त्याने आकसते; रोग समूळ जातो असे नव्हे. हळदीतील कर्क्युमिनने प्रयोगशाळेत अशा पेशींची वाढ रोखली आहे. पण खाल्लेल्या हळदीतून ते रक्तात अत्यल्प पोहोचते.

म्हणून पांढुर्णा व सौंसरच्या बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे. सदाफुलीची पाने चावू नका. ती विषारी आहेत. औषध होण्यासाठी त्यांतील द्रव्य शुद्ध करून काटेकोर मापावे लागते. गाठीवर लेप लावून महिने दवडू नका. कानापुढील ग्रंथीतून चेहरा हलविणारी नस जाते. गाठ लहान असताना शस्त्रक्रिया झाली, तर ती नस वाचण्याचा संभव अधिक. गाठ राहिली किंवा तोंड वाकडे होऊ लागले, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. नागपूर आपल्याला दूर नाही. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे.

बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय भूमीतून उगवणाऱ्या औषधींचे श्रेय परमेश्वराला देतो, आणि वैद्याचा मान राखावयासही सांगतो. प्रार्थना अवश्य करावी. मात्र गाडी चुकवू नये.