ग्राहक सांगेल ते करणं म्हणजे अजाइल नव्हे

गैरसमज : अजाइल म्हणजे ग्राहकाची मागणी आली की ती पुरवायची.

अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत, प्रतिसाद घेत पुढे नेण्याची पद्धत; ती वापरणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतही हा समज घट्ट आहे. पण याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा गिऱ्हाइकाचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं : लोखंडानं जमिनीत विष भिनतं. मागणी शब्दशः मानली असती, तर लक्ष्मणराव लाकडी नांगर करत बसले असते. त्यांनी भीती समजून घेतली, नांगर मात्र लोखंडीच ठेवला आणि शेतकऱ्यांना पटवत राहिले.

प्रतिसादातून अडचण कुठे आहे ते कळतं. उपाय शोधणं हे करणाऱ्याचं काम. अजाइलच्या स्क्रम या प्रकारात कोणतं काम आधी घ्यायचं, हे ठरवायला ‘प्रॉडक्ट ओनर’ ही एकच व्यक्ती असते, ती याचसाठी. सगळ्यांचं ऐकायचं, पण क्रम एकानं लावायचा.

गैरसमज : पैसे देतो तोच ग्राहक.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं आहे, असं धरू. ऑर्डर देणार अडत्या. दिवसभर त्यावर बोटं चालवणार दुकानातला दिवाणजी. आणि शेवटी छापलेली हिशेबाची पट्टी हातात घेऊन हमाली, तोलाईची वजावट तपासणार तो शेतकरी. तिघांच्या तक्रारी एकमेकींशी भांडतात. दिवाणजी म्हणेल, ‘पट्टी झाल्यावर खोडायची सोय द्या.’ अडत्या म्हणेल, ‘अजिबात नको, हिशेबात घोळ होईल.’ दोघांचं ऐकून कपाळाला हात लावण्यापेक्षा दिवाणजीच्या शेजारी सकाळभर बसावं. खोडायचं का असतं? कदाचित फेरवजन झालं की पोत्याचा आकडा बदलतो, एवढंच. मग खोडण्याऐवजी दुरुस्तीची सोय द्यावी : जुना आकडा दिसत राहील, नवा लागू होईल, कोणी बदलला ते नोंदलं जाईल. हे तिघांपैकी कोणीच मागितलं नव्हतं.

राज्याच्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमध्ये असाच बदल झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवू लागले. शेतकऱ्यांच्या आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांच्या सूचना जमा झाल्या आणि १ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आली. तिच्यात आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्त करता येऊ लागली आणि मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. शेतकऱ्यानं केलेली नोंद स्वयंप्रमाणित धरून तलाठ्यानं त्यातल्या दहा टक्के तपासायच्या, असंही ठरलं. दुरुस्ती मिळाली, पण मुदतीसह. मोकळीक दिली, पण तपासणी ठेवून.

गैरसमज : अजाइल म्हणजे आराखडा नाही, कागद नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. करारावरच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकासोबतच्या सहकार्याला त्यांनी जास्त मोल दिलं. करार फाडून टाका, असं कुठेही म्हटलं नाही. उशिरा आलेल्या बदलांचंही स्वागत करा, असं तत्त्व मात्र त्यात आहे. छोट्या कंपन्यांत ते सोयीनं वाचलं जातं : ठरलेल्या पैशांत वाटेल तेवढे बदल. नवं काही आत आलं, तर तेवढंच काहीतरी पुढे ढकलावं लागतं, हे ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगायला हवं.

गैरसमज : प्रतिसाद शेवटी घ्यायचा.

स्क्रममध्ये एक फेरी जास्तीत जास्त महिन्याची असते आणि फेरीअखेर चालतं सॉफ्टवेअर ग्राहकापुढे ठेवलं जातं. सांगलीत यात एक पाचर आहे : हंगाम. द्राक्षं उतरून बेदाण्याची शेडं भरलेली असताना तासगावच्या व्यापाऱ्याला तासाभराचं सादरीकरण दाखवायला गेलात, तर चहा मिळेल, प्रतिसाद नाही. आणि हंगाम संपल्यावर विचारलंत, तर ‘चांगलं आहे’ एवढंच ऐकू येईल, कारण नेमकं कुठे अडलं ते तोवर कोणाला आठवत नाही. त्यामुळे हंगामाआधी अर्धंमुर्धं का होईना, चालणारं काहीतरी दुकानात पोचवायचं, ऐन धांदलीत कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघायचं आणि छोट्या दुरुस्त्या त्याच आठवड्यात करायच्या.

गैरसमज : तक्रारी नाहीत, म्हणजे सगळं ठीक.

वैतागलेला दिवाणजी अ‍ॅपला एक तारा देत बसत नाही. तो निमूटपणे वही उघडतो. म्हणून गेल्या आठवड्यात किती पट्ट्या सॉफ्टवेअरमधून निघाल्या आणि किती हातानं लिहिल्या, एवढंच दुकानात जाऊन मोजावं.