किहीमची सुगरण आणि श्रमाचे मोल

नव्या माणसाची ओळख झाली की आपण त्याला विचारतो, "आपण काय करता?" ज्याला नोकरी आहे तो सहज उत्तर देतो. परंतु ज्याची नोकरी गेली आहे, जी दिवसभर घर सांभाळते किंवा जो आजारपणामुळे अंथरुणाला खिळला आहे, त्यांची मान खाली जाते. "काही नाही" एवढेच शब्द ओठांवर येतात. श्रमाविषयीची ख्रिस्ती शिकवण समजून घेताना आपण या खाली गेलेल्या मानेपासून सुरुवात करू या.

रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी किहीम हे गाव आहे. १९३० साली तेथे एक बेकार गृहस्थ पत्नीसह राहावयास आले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ते निसर्गविभागाचे मार्गदर्शक व्याख्याते होते. रजा घेऊन ते जर्मनीला पक्षिशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले आणि परत येऊन पाहतात तो निधीअभावी त्यांचे पदच रद्द झालेले! दुसरी योग्य नोकरी मिळेना. त्या गृहस्थांचे नाव सालिम अली.

किहीमच्या त्या दिवसांत सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले असले तरी घरटे विणतो तो नर. तो गवताच्या व पात्यांच्या बारीक चिरफाळ्या आणून अर्धे घरटे तयार करतो. मादी येऊन ते पारखते. तिने पसंत केले तरच जोडी जमते आणि घरटे पूर्ण होते. त्यानंतर तोच नर दुसरे घरटे बांधावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ही रीत सालिम अलींनी किहीममध्ये शोधून काढली. १९३१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा तो निबंध पक्षिशास्त्रात मोलाचा मानला गेला.

आता प्रश्न असा की, झाडाखाली तासन्‌तास बसलेला तो मनुष्य बेकार होता की कामावर? पगारपत्रकावर त्याचे नाव नव्हते. तरीही तो मनापासून, शिस्तीने व बुद्धी पणाला लावून श्रम करीत होता. नोकरी आणि श्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी गेली म्हणून श्रम करणारा माणूस नाहीसा होत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने जाते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मानवाला एदेन बागेत ठेवतो, तो तिची मशागत व राखण करण्यासाठी. पापाची कथा तिसऱ्या अध्यायात येते. म्हणजे श्रम हा शाप नव्हे. पापामुळे श्रमात घाम, काटे आणि अन्याय शिरला. परंतु श्रमाचे बोलावणे त्याआधीचे आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमाविषयी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. तरुणपणी पोलंडमध्ये त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत व रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. त्यांनी श्रमाची दोन अंगे दाखविली आहेत. एक अंग म्हणजे श्रमातून काय निर्माण झाले. दुसरे, तो श्रम करणारा कोण. यांपैकी दुसरे अंग श्रेष्ठ, कारण श्रम करणारा देवाच्या प्रतिरूपात घडलेला मानव आहे. कामामुळे माणसाला मोल येत नाही. माणसामुळे कामाला मोल येते. प्रभू येशूने आयुष्याची बहुतेक वर्षे नाझरेथमध्ये, सुताराच्या घरी घालविली, हेही आपण विसरू नये. त्याच घरच्या श्रमिक संत योसेफाचा सण पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे या कामगारदिनी ठरविला.

येथे संत पौलाचे वचन काही जण पुढे करतात: जो काम करीत नाही त्याने खाऊ नये. परंतु थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल काम करण्याची इच्छाच नसलेल्यांविषयी बोलतो, काम न मिळालेल्यांविषयी नव्हे. बेकार तरुणाला या वचनाने टोचणे हा पवित्र शास्त्राचा गैरवापर होय.

श्रमाला विसाव्याचीही जोड हवी. किहीमच्या दक्षिणेला जवळच नवगाव आहे. आपले पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. कोकणात हे लोक घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. लोकांनी त्यांना ओळखले ते त्यांच्या धंद्याबरोबरच त्यांच्या विसाव्यावरून! पुढे त्यांच्यातील बहुतेक जण इस्रायलला गेले. पण त्या नावातील धडा आपणासाठी राहिला आहे. शब्बाथाची आज्ञा घरधन्यापुरती नाही. दास, दासी, परका, एवढेच काय, गुराढोरांनाही ती विसावा देते.

आज किहीमच्या नारळी-पोफळीत मुंबईकरांचे बंगले आहेत. शनिवार-रविवारी पाहुणे विश्रांतीसाठी येतात, तेव्हा अशा ठिकाणच्या माळ्याला, राखणदाराला व स्वयंपाकिणीला कामाचा दुप्पट भार पडतो. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचेही तेच. आपण रविवारी मिस्साला जातो, तेव्हा तिला आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी मिळते का? हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने स्वतःला विचारावा.

आकाशातील पाखरांकडे पाहा, असे प्रभूने सांगितले. त्याचा अर्थ हात जोडून स्वस्थ बसा असा नाही. पाखरेही दिवसभर राबतात. पित्याच्या दृष्टीने तुमचे मोल पाखरांहून अधिक आहे, म्हणून चिंतेने खचू नका, असे प्रभूला सांगावयाचे आहे.

येत्या रविवारी अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू भाकर उचलतील, तेव्हा धरतीच्या देणगीसोबत मानवी हातांचा श्रमही देवापुढे ठेवला जाईल. आपल्या आठवड्याचे काम मनोमन त्या थाळीत ठेवा. ज्यांच्यापाशी ठेवण्यास काम नाही त्यांनी आपली प्रतीक्षा ठेवावी, आजाऱ्यांनी आपली वेदना ठेवावी. आणि मिस्सा संपल्यावर नोकरी गेलेला कोणी चर्चच्या आवारात भेटला, तर "काय करता?" असे न विचारता "कसे आहात?" असे विचारावे.