रिमोटला बोली नसते

१९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं आणि त्याचा ‘रिमोट कंट्रोल’ आपल्या हाती असल्याचं बाळासाहेब ठाकरे यांनी उघडपणे सांगितलं. या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. केबल आली होती, वाहिन्या वाढल्या होत्या आणि बसल्या जागी वाहिनी बदलणारा माणूस म्हणजे घरातला सत्ताधारी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं.

आमच्या शहराचं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचं आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, टीव्हीशी घरचंच नातं. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. आमच्या गल्लीतले दोघे तिथे कामाला होते. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रिमोटला प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबरबँड लावण्याची आमची सवय मात्र टिकून आहे.

आता त्या पिशवीतल्या रिमोटवर माईकचं बटण आलंय. ते दाबून धरायचं आणि बोलायचं. काही टीव्ही तर बटणाशिवायच हाकेला ओ देतात.

माझी आई ऐंशीच्या घरात आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बटणांवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत. संधिवातानं अंगठा नीट वळत नाही. पडद्यावर मांडलेल्या एबीसीडीतून एकेक अक्षर गाठत ‘कीर्तन’ लिहिणं तिच्याच्यानं व्हायचं नाही. इंग्रजी ती शिकलीच नाही. नातीनं एकदा माईकचं बटण दाखवलं. ‘कीर्तन लाव रे बाबा,’ आई म्हणाली, आणि पडद्यावर कीर्तनकारांची रांग उभी राहिली! आधी बाबांच्या, मग माझ्या, मग नातवंडांच्या हातातला रिमोट तिनं आयुष्यभर नुसता पाहिला. दुसऱ्यांचं बघून झालं की उरलेल्या वेळात तिचं कीर्तन. त्या दिवशी तिनं लागोपाठ तीन ऐकली आणि कुणाची छाती झाली नाही मध्ये बोलायची.

पण तिचं सगळंच त्याला कळतं असं नाही. आई अस्सल मराठवाड्याची. ‘आवाज बारका कर’ म्हटलं की ते यंत्र भलतीच गाणी शोधू लागतं. ‘काय करू लागलं हे?’ असं ती विचारते, तेव्हा तोही हुकूमच समजतं. शेजारच्या चाचींच्या दखनीतल्या ‘नक्को’चीही तीच गत. याचं कारण साधं आहे. आपला आवाज इंटरनेटवरून दूरच्या संगणकांकडे जातो, तिथे त्याचे शब्द होतात. ज्या तऱ्हेचं बोलणं त्या यंत्रणेला भरपूर ऐकवलेलं असतं, ते तिला चटकन उमगतं. हल्ली आई टीव्हीशी पुस्तकी मराठीत बोलते. मला ते फारसं आवडत नाही.

गंमत म्हणजे टीव्हीला आवाजानं हुकूम देणं अगदीच नवं नाही. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचा १९५० सालचा रिमोट वायरनं जोडलेला होता. ती वायर पायांत यायची. १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांचा रिमोट आला, त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे, माणसाला ऐकू न येणारा सूर निघे आणि टीव्ही तो ऐके. पुढे त्या सुराची जागा अवरक्त किरणांनी घेतली. सूर असो की किरण, काम अंगठ्याचंच. अंगठ्याला ना बोली, ना उच्चार. शिवाय तो मुका. शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास चाललेला असतो, पाळण्यात बाळ नुकतं झोपलेलं असतं. तेव्हा ‘आवाज कमी कर’ असं ओरडून सांगणं म्हणजे आगीत तेलच!

आणि ऐकणारं यंत्र नेमकं काय काय ऐकतं? टीव्हीसमोरचं खासगी बोलणंही टिपलं जाऊन त्रयस्थाकडे जाऊ शकतं, असं सॅमसंगच्या धोरणात लिहिलेलं असल्याचं २०१५ साली उजेडात आलं आणि मोठा गदारोळ झाला. ज्या दिवाणखान्यात सोयरिकी ठरतात, तिथे हे हलकं घेण्यासारखं नाही. म्हणून बटण दाबल्यावरच ऐकणारा टीव्ही मला बरा वाटतो.

शोधायचं असेल तर तोंडानं, आवाज कमी-जास्त करायचा तर अंगठ्यानं, अशी आमच्या घरात आता वाटणी झाली आहे. आईच्या रिमोटवर मी माईकच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिलाय, आवाजाच्या बटणांना दोन. उरलेली बटणं तिनं स्वतःच चिकटपट्टीखाली झाकून टाकली.