विषाणूला लागणारा पाचक रस

डुकरांच्या पिलांना प्राणघातक अतिसार जडवणारा पीईडी विषाणू १९७८ मध्ये बेल्जियममध्ये ओळखला गेला, तरी पुढे सुमारे दहा वर्षे तो पेशीसंवर्धनात, म्हणजे भांड्यातील पोषकद्रवावर जगवलेल्या पेशींच्या थरात, वाढेना. त्यामुळे त्याचा साठा राखण्यासाठी पिलांनाच संसर्ग करावा लागे, आणि हे खर्चिक तर होतेच, पण त्या जिवांसाठी अतिशय क्लेशकारकही होते. १९८८ मध्ये होफमान आणि वायलर या संशोधकांनी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या ‘व्हेरो’ पेशींच्या पोषकद्रवात ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे पाचक विकर मिसळले आणि अडसर दूर झाला. विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारखे प्रथिन या विकराने छेदले गेले, की विषाणूचे आवरण पेशीच्या पटलाशी एकरूप होऊ शकते. लहान आतड्यात ट्रिप्सिन सदैव असते, भांड्यात मात्र ते बाहेरून घालावे लागते.

त्यातही मेख आहे. पेशी वाढवण्यासाठी वापरला जाणारा वासराच्या रक्तातील सीरम ट्रिप्सिनला निष्प्रभ करतो, म्हणून पेशी आधी धुवून घ्याव्या लागतात, आणि ट्रिप्सिन जास्त झाले तर पेशीच तळापासून सुटून येतात. हा तोल सांभाळणे हेच या कामातील खरे कौशल्य होय. संसर्ग साधला, की शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी बनतात.

पाचक रसाची अशी गरज इतर काही विषाणूंनाही असते. डुकरांच्याच एका कॅलिसिविषाणूला वाढीसाठी पित्ताम्ले, म्हणजे पित्तातील आम्ले, लागतात, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले; मानवी नोरोविषाणूचे काही प्रकारही २०१६ मध्ये मानवी आतड्याच्या मूलपेशींपासून घडवलेल्या ऊतींत पित्ताच्या साहाय्याने वाढवता आले.