मृगापासून सुगीपर्यंतची उधारी

परभणीत वॉलमार्टचं दुकान कधी उघडलं नाही. १४ सप्टेंबर २०१२ रोजी केंद्र सरकारने बहु-ब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा दुकान दहा लाखांवर वस्तीच्या शहरातच काढावं, अशी अट होती. परभणी शहराची वस्ती जेमतेम तीन लाखांची. पुढच्या वर्षी अट सैल झाली, लहान शहरं निवडायची मुभा राज्यांना मिळाली. तरी या वाटेने आली ती एकटी टेस्को, आणि तीही टाटांच्या ट्रेंटबरोबर निम्म्या भागीदारीत. घाऊक धंद्यापुरत्या आलेल्या फ्रान्सच्या कारफूरने २०१४ मध्ये गाशा गुंडाळला. जर्मनीच्या मेट्रोने इथला घाऊक धंदा २०२३ मध्ये रिलायन्सला विकला.

म्हणजे धोका टळला, असं मोंढ्यातल्या अनेकांना वाटलं. पण परदेशी भांडवल दुसऱ्या वाटेने आलं. वॉलमार्टने २००९ मध्ये अमृतसरला घाऊक दुकान काढलं, पुढे आपल्या शेजारी संभाजीनगरातही. २०१८ मध्ये त्याच कंपनीने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. आता पालम-सोनपेठच्या गल्लीत पार्सलवाला येतो, त्याच्या पिशवीत मिक्सर, बूट, साड्या, मोबाइल असतात. परदेशी कंपनीने ऑनलाइन बाजारपेठ चालवावी, स्वतःचा माल ठेवून विकू नये, असा नियम आहे. गिऱ्हाइकाला त्याचं देणंघेणं नाही. त्याला भाव दिसतो, नि तो भाव बरेचदा खरंच कमी असतो. जिंतूरच्या मुलीला हव्या त्या मापाचे बूट घरी मिळतात, पसंत न पडल्यास परत जातात. ही सोय खोटी नाही. बिल न देणाऱ्या, परत आणलेला माल न घेणाऱ्या दुकानदारांनी तिला वाट करून दिली, हेही म्हटलं पाहिजे.

माझी काळजी किराण्याच्या वहीची आहे. आपल्या जिल्ह्यात पैसा सुगीला येतो: सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, मग कापूस, मग तूर. मृगात बियाणं-खतात हातातलं सगळं संपतं. तेव्हापासून सुगीपर्यंत घर चालतं ते दुकानदाराच्या वहीवर. साखर दोन किलो, गोडं तेल एक किलो, चहापुडी, कपड्याची वडी. पुढे तारीख आणि रक्कम, बस्स. सही नाही, व्याज नाही. माल विकला की पान कोरं होतं, पाऊस रुसला तर ते पुढच्या वर्षावर जातं. ही उधारी दुकानदाराला पेलते, कारण कपडे, भांडी, सणासुदीचा माल रोखीने खपतो. पार्सल नेमकं हेच रोखीचं गिऱ्हाईक नेतं. उधारीचं गिऱ्हाईक दुकानातच राहतं. हप्त्याची सोय ऑनलाइनलाही आहे, पण ती ज्याचं बँकेत नाव चांगलं त्याला. हात आखडायची वेळ आली की दुकानदार आधी शेतमजुराला नाही म्हणतो, कारण त्याच्याकडे सुगीला विकायलाही काही नसतं.

दुसरी कोंडी घाऊक भावाची. डिसेंबर २०२१ मध्ये देशभरातल्या वितरकांच्या महासंघाने मोठ्या कंपन्यांना पत्र लिहिलं. वितरकाकडून दुकानदाराला ८ ते १२ टक्के मार्जिन मिळतं, तर मोठ्या साखळ्या आणि ऑनलाइन घाऊकवाले तोच माल १५ ते २० टक्के मार्जिनने देतात, अशी तक्रार होती. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठाही थांबवला. एकाच साबणाला दोन घाऊक भाव असतील, तर कितीही पहाटे शटर उघडा, कमी भावाचा दुकानदारच टिकणार.

म्हणून ऑनलाइनवर बंदी मागण्यापेक्षा सगळ्यांना एकच घाऊक भाव मागणं मला जास्त रास्त वाटतं. परभणी, सेलू, मानवतच्या व्यापाऱ्यांनी ही मागणी वितरकांवर न सोपवता आपली म्हणून मांडावी, आणि ती मांडताना आपापल्या वह्यांतली येणी सोबत न्यावीत. गावाला बिनव्याजी किती पैसा पुरवला जातो, याचा आकडा दुसऱ्या कुणाकडेच नाही.