शून्य क्रमांकाचा रविवार

मराठी व्याकरणाच्या नादातून मी प्रोग्रॅमिंगच्या भाषांकडे वळलो, तेही कोणत्याही वर्गात न बसता. त्यामुळे या भाषा नावे कशी ठेवतात, याकडेच माझे लक्ष आधी जाते. आठवड्याचे वार सात, आठवा नाही. असा बंदिस्त नामसमूह जाहीर करण्याची सोय निक्लाउस विर्थ यांनी १९७०च्या सुमारास पास्कल भाषेत दिली. तिला गणन-प्रकार म्हणू. प्रोग्रॅमर 'एनम' म्हणतात.

मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्पमध्ये एनम पहिल्यापासून आहे. मांडणी सोपी: एनम हा शब्द, मग प्रकाराचे नाव आणि महिरपी कंसात स्वल्पविरामांनी तोडलेली नावे. (ही नावे देवनागरीतही चालतात, हे मुद्दाम सांगतो.) प्रत्येक नावामागे एक पूर्णांक दडलेला असतो. आपण वेगळे सांगितले नाही, तर मोजणी शून्यापासून.

गोम इथेच आहे. समजा, पेन्शनच्या अर्जाच्या अवस्था अशा जाहीर केल्या: मंजूर, नामंजूर. वस्तूतील जी जागा कोणी भरलीच नाही, तिथे भाषा आपोआप शून्य ठेवते. म्हणजे न तपासलेला अर्ज मंजूर! म्हणून शून्याची जागा 'अनिर्णित'ला द्यावी. मंजूर एक, नामंजूर दोन. पुढे कोणी 'अनिर्णित'नंतर 'छाननीत' घुसडले, की खालचे आकडे एकाने सरकतात. डेटाबेसात साठवलेले जुने आकडे मात्र जागचे हलत नाहीत. कालचे मंजूर अर्ज छाननीत जातात, नामंजूर ते मंजूर होतात आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. प्रत्येक नावापुढे आकडा स्वतः लिहावा, हा उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा. शिवाय समूह बंदिस्त असल्याचा आवही पोकळच. या प्रकारात ४२ हा आकडा रूपांतर करून कोंबला, तरी सी-शार्प तो निमूट स्वीकारते.

जावाने २००४ साली, पाचव्या आवृत्तीत, एनम आणला तो वेगळ्या विचाराने. तिथे प्रत्येक नाव ही स्वतंत्र वस्तू. आकडा कोंबायला वाटच नाही. न भरलेली जागा 'नल' राहते, आणि तिच्याकडून काही करून घ्यायला गेलो, तर प्रोग्रॅम आरडाओरडा करतो. मला हे अधिक प्रामाणिक वाटते.

वारांचेच पाहा. डॉटनेटच्या तयार एनममध्ये रविवार शून्य, सोमवार एक, शनिवार सहा. जावाच्या २०१४च्या कालगणनेत सोमवार एक, शनिवार सहा, पण रविवार सात. दोन यंत्रणा एकमेकींना नुसते आकडे पाठवत असतील, तर सहा दिवस सगळे सुरळीत चालते. घोटाळा होतो तो रविवारी, कार्यालय बंद असताना. अशा ठिकाणी आकडा न पाठवता वाराचे नावच पाठवावे.