तलावाचा गाळ आणि माशाचे यकृत

कार्बन व हायड्रोजन यांच्या ज्या संयुगांत अणूंची वलये परस्परांना जोडलेली असतात, त्यांना बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने, संक्षेपाने पीएएच, म्हणतात. कोळसा, लाकूड किंवा तेल अपुऱ्या हवेत जळताना ती निर्माण होतात, आणि दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरात तर त्यांचा भरणाच असतो. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, माती व काजळीच्या बारीक कणांना चिकटतात आणि त्या कणांबरोबर तळाशी बसतात. म्हणूनच ज्या तलावाचे पाणी तपासणीत निर्दोष ठरते, त्याच्या गाळात ही द्रव्ये कित्येक दशके साठून राहिलेली असू शकतात.

माशांविषयीचा एक गैरसमज येथे दूर करणे अगत्याचे आहे. पारा किंवा डीडीटी माशाच्या शरीरात साठत जातो. पीएएच मात्र तसे साठत नाहीत, कारण माशाचे यकृत त्यांचे विघटन करून ते पित्तावाटे बाहेर टाकते. शिंपल्यांत ही क्षमता फार थोडी असल्याने त्यांच्या मांसात हे प्रदूषण सापडते, पण माशाचे मांस बहुधा स्वच्छ दिसते. ही स्वच्छता फसवी आहे, कारण बेंझोपायरीनसारख्या संयुगांचे विघटन होताना मधल्या टप्प्यावर जी रूपे तयार होतात, ती पेशीतील डीएनएला चिकटतात आणि त्यातून यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो.

अमेरिकेत ओहायो राज्यातील लोरेन येथे, जेथे ब्लॅक नदी ईरी सरोवराला मिळते, हे फार स्पष्टपणे दिसून आले. नदीकाठच्या पोलाद कारखान्यात कोळशापासून कोक तयार होत असे, आणि 1980 च्या दशकाच्या आरंभी तेथील तपकिरी बुलहेड या तळाशी चरणाऱ्या मिशाळ माशांत यकृताचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळला. कोकनिर्मिती 1983 च्या सुमारास थांबली, आणि 1987 पर्यंत कर्करोगाचे प्रमाण 1982 च्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांश राहिले. पुढे 1990 च्या सुमारास गाळ उपसण्यात आला, तेव्हा खाली गाडली गेलेली द्रव्ये ढवळून वर आली, हे प्रमाण काही काळ पुन्हा वाढले आणि त्यानंतर उतरले. गाळ काढणे म्हणजे सफाई, असे सरसकट मानणे किती धोक्याचे आहे हे यावरून कळावे.

प्रदूषणाला प्रत्येक वेळी कारखानाच लागतो असे नाही. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात वाहनतळांच्या फरसबंदीवर कोळशाच्या डांबराचा काळा लेप देत असत. चाकांखाली तो झिजे आणि त्याची भुकटी पावसाबरोबर लेडी बर्ड तलावात जाई. शास्त्रज्ञांनी तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला आणि 1960 च्या दशकारंभीच्या अणुचाचण्यांतून पडलेल्या सीझियमच्या आधारे थरांचे वय ठरवले, तेव्हा पीएएचचे प्रमाण दशकानुदशके वाढत गेल्याचे दिसले. ऑस्टिनने 2006 पासून या लेपावर बंदी घातली, आणि काही वर्षांतच तलावाच्या नव्या गाळातील प्रमाण सुमारे निम्म्याने घटले.

तेव्हा केवळ पाण्याच्या आणि मासळीच्या मांसाच्या अहवालावरून एखादा तलाव शुद्ध ठरवला जात असेल, तर नागरिकांनी गाळाचा व माशांच्या यकृत-पित्ताचा अहवालही आग्रहाने मागावा.